छापखान्याशिवायचा अंक

ऑनलाइन साहित्यिक अंक काढतोय असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे पीडीएफ ना?" आणि दुसरा, "मग छापणार कधी?" विचारणारी माणसं साहित्यावर जीव असणारीच असतात, म्हणून मी दर वेळी नीट उत्तर देते. पीडीएफ नव्हे. छापील अंकाआधीचा नमुनाही नव्हे. वेबवर निघतो तोच आमचा अंक, त्रैमासिक, अंकक्रमांक आणि अनुक्रमणिकेसकट.

माझी स्वतःची घडण सगळी कागदावरची. शनिवार पेठेतल्या एका मासिकाची मुद्रितं मी अनेक वर्षं तपासत होते. सोळा पानी फर्म्यात मजकूर बसावा म्हणून कथेचे शेवटचे परिच्छेद कसे आवळायचे, अर्धं पान उरलं तर कोणती कविता लावायची, ठरल्या तारखेला गठ्ठे बांधून पोस्टात कसे टाकायचे, हे सगळं अंगवळणी पडलेलं. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. वर्तमानपत्रंसुद्धा काही काळ घरोघर पोचेनात, तिथे मासिकाची काय कथा! त्या उन्हाळ्यातले अंक आम्ही पीडीएफ करून वर्गणीदारांना व्हॉट्सॲपवर पाठवले. नंतर प्रेस सुरू झाले, मासिक मात्र सुरू झालं नाही. वर्गणीदार थकत चालले होते, कागद आणि टपाल महागत होतं, जाहिराती दिवाळीपुरत्या उरल्या होत्या. आमचे संपादक तेव्हा सत्तरी ओलांडलेले. कपाटात स्वीकारलेल्या, पण अजून न छापलेल्या कथांचा गठ्ठा होता. त्यांनी प्रत्येक लेखकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहून कथा परत केली. पाकिटांवर पत्ते मी घातले. त्यातल्या काही जणांची ती आयुष्यातली पहिलीच स्वीकारली गेलेली कथा होती.

या कथा आता कुठे जाणार, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. फेसबुकवर जातील, हे एक उत्तर होतं. गेल्याही काही. तिथे त्यांना 'खूप छान', 'भिडली' अशा दाद मिळाल्या आणि दोन दिवसांत त्या खाली सरकून दिसेनाशा झाल्या. कथेला वाचक हवा असतो हे खरंच, पण छापण्याआधी ती कुणीतरी बारकाईने वाचून "इथे काहीतरी अडतंय" असं म्हणणारा माणूसही हवा असतो. मासिकं बंद पडली तेव्हा तो माणूस नाहीसा झाला, याची हळहळ मला कागद गेल्याच्या हळहळीपेक्षा मोठी वाटत होती.

आम्ही चौघं जमलो. मी, वेबसाइटी बनवणारी एक मैत्रीण, मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक आणि दिवसा बँकेत काम करणारा एक तरुण कवी. बैठका नवी पेठेत सरांच्या घरी. सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "आधी काय काय होऊन गेलंय ते वाचा, मग अंकाचं नाव ठरवा." त्याप्रमाणे वाचायला बसलो.

वेबवरचं मराठी आपल्याला वाटतं त्यापेक्षा जुनं आहे. 'मायबोली' १९९६ साली सुरू झाली, म्हणजे पुण्यातल्या बहुतेक घरांत इंटरनेट यायच्याही आधी. ब्लॉग लिहिणाऱ्यांनी २००८पासून 'रेषेवरची अक्षरे' हा दिवाळी अंक वेबवर काढला. पुण्यातूनच २०१७पासून 'हाकारा' हे मराठी-इंग्रजी द्वैभाषिक नियतकालिक निघतं आणि त्यात लेखनाबरोबर चित्र, छायाचित्र, ध्वनी यांनाही बरोबरीची जागा असते. साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेल्या 'साधना'ने २०१९मध्ये 'कर्तव्य साधना' हे वेगळं डिजिटल व्यासपीठ उभं केलं. देशाबाहेर पाहिलं तर 'वर्ड्स विदाउट बॉर्डर्स' २००३पासून आणि 'असिम्टोट' २०११पासून जगभरचं अनुवादित साहित्य वेबवर छापत आहेत. 'असिम्टोट'मध्ये अनुवादाशेजारी मूळ भाषेतला मजकूर असतो, आणि मूळ भाषेतलं वाचन ऐकायलाही मिळतं. हे ऐकू येणं माझ्या डोक्यात घर करून बसलं.

मग उलट्या दिशेने गेलो. पुणे मराठी ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड चाळले. का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. आपण परंपरा म्हणतो ती कुणीतरी एका वर्षी मुद्दाम सुरू केलेली गोष्ट होती, हे मला तिथे बसल्यावर फार जवळून जाणवलं. 'सत्यकथा'ने नवकथा आणि नवकविता यांना जागा दिली, लेखकांशी पत्रव्यवहार करून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेतल्या, आणि १९८२ साली ती थांबली. त्याच 'सत्यकथे'त ज्यांना जागा नव्हती किंवा नको होती, त्या तरुणांनी पन्नास-साठच्या दशकांत लघुनियतकालिकं काढली, त्यातली काही चक्क सायक्लोस्टाइल करून, म्हणजे छापखान्याशिवाय साध्या यंत्रावर प्रती काढून. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवलं आणि दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काचं घर मिळालं. अंक काढण्याचं साधन स्वस्त झालं की नवी माणसं लिहू लागतात, हे खंड उलटताना स्पष्ट दिसत होतं. आम्हाला लघुनियतकालिकांचं मोकळेपण हवं होतं आणि 'सत्यकथे'ची ती पत्रं लिहिण्याची चिकाटीही हवी होती. वेबमुळे पहिली गोष्ट जवळजवळ फुकट मिळते. दुसरीसाठी माणसाचे तास लागतात, ते कुठल्याही तंत्रज्ञानाने कमी होत नाहीत.

डोमेन घेणं, सर्व्हर भाड्याने घेणं, यूपीआयवर वाचकांकडून वर्गणी स्वीकारायची सोय करणं हे झटपट झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खर्च चौघांच्या खिशातून भागला, पुढे वाचकांच्या वर्गणीतून लेखकांना थोडं मानधन देऊ लागलो. रक्कम लहान आहे, पण देतो.

खरा वेळ गेला तो अक्षरांवर. मी मुद्रितशोधक, त्यामुळे पडद्यावरचं मराठी बघताना माझा जीव कळवळायचा. हिंदीसाठी केलेला फॉन्ट लावला की 'ल' दंडयुक्त दिसतो आणि 'श' शेंडीयुक्त. आपल्या डोळ्यांना सवय पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांची. मैत्रिणीने समजावून सांगितलं की काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं त्यामागच्या कोडमध्ये नोंदवलं, तर फॉन्ट मराठी वळणं निवडतो. एवढीशी नोंद, पण असंख्य मराठी संकेतस्थळांवर ती केलेलीच नसते. आम्ही मजकुरासाठी 'तिरो देवनागरी मराठी' आणि शीर्षकांसाठी 'मुक्ता' हे फॉन्ट घेतले. दोन्ही कुणालाही वापरायला खुले आहेत. हे करताना मला र. कृ. जोशींची फार आठवण येत होती. हा माणूस कवी होता, अक्षरांचा चित्रकार होता, आणि विंडोजबरोबर घरोघर पोचलेला 'मंगल' फॉन्ट त्यांनीच घडवला. पडद्यावर मराठी वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यांची अक्षरं वाचली, त्यांचं नाव माहीत नसताना.

त्याहून सूक्ष्म भानगड अर्ध्या 'र'ची. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला हा 'र' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं नोंदवायच्या जागतिक पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही दिसतात अगदी सारखे. यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. एकाने एका रीतीने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने शोधलं, तर कथा समोर असून सापडत नाही. 'ॲ'चंही तेच. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र जोडून लिहीत, आणि बरेच जण आजही तसंच लिहितात. आलेला प्रत्येक मजकूर आम्ही आधी या दृष्टीने एकसारखा करून घेतो. मुद्रितशोधनात ही एक नवी पायरी आली आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका शोधण्याची. मला ती मनापासून आवडते.

कवितेने सगळ्यात जास्त कस लावला. कागदावर कवीने जिथे ओळ तोडली तिथे ती तुटते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब ओळ मावत नाही, यंत्र ती वाटेल तिथे मोडतं, आणि कवीची ओळ कुठे संपली हेच वाचकाला कळत नाही. आमचा तरुण कवी यावर हटून बसला होता, "ओळ बिघडणार असेल तर कविता छापूच नका." शेवटी असं केलं की ओळ मावली नाही तर तिचा उरलेला भाग खालच्या ओळीत थोडा आत सरकून येतो. आत सरकलेलं दिसलं की ती आधीचीच ओळ. जुन्या छापील कवितासंग्रहांतही अरुंद पानावर हाच तोडगा वापरलेला असे, हे सरांनी कपाटातून पुस्तकं काढून दाखवलं. शिवाय प्रत्येक कवीला आम्ही प्रकाशनाआधी त्याची कविता मोबाइलवर कशी दिसते याचं चित्र पाठवतो आणि होकार घेतो.

मग मजकूर यायला लागला. आणि तो किती परींनी आला! कुणी वर्डमध्ये, कुणी ईमेलच्या मजकुरातच, कुणी वहीच्या पानांचे फोटो, कुणी व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत. ज्येष्ठ लेखकांकडून युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फायली आल्या. त्या उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण आपण ती तशी उच्चारतो. रूपांतर करताना वेलांट्या आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, म्हणून अशी प्रत्येक फाइल ओळ न् ओळ ताडून बघावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे असं पुष्कळ जण म्हणतात. मला वाटतं, मराठीत १९९०नंतरचं किती लेखन अशा फायलींत अडकलं आहे याचा विचार केला तर हे काम फार निकडीचं आहे. ज्या पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधनाची सरकारी संस्था १९८८ साली उभी राहिली, जिथे 'श्रीलिपी' हे मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर तयार झालं आणि जिथल्या पेठा-पेठांत डीटीपीची केंद्रं होती, त्या पुण्यातल्या लेखकांच्या घरी अशा सीड्या आणि जुने संगणक पडून आहेत. ते उघडायला हवेत.

आता ज्या कथेसाठी मी हे सगळं करते असं मला वाटतं, तिच्याबद्दल. सांगली जिल्ह्यातल्या जत भागातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी कथा पाठवली. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंची. कथा खूप लांब होती. छापील मासिकात असती तर पहिल्याच फेरीत "जागेअभावी" परत गेली असती. आम्हाला जागेची अडचण नव्हती, त्यामुळे लांबी या एका कारणावरून परत करता येत नव्हती, आणि तिथेच संपादनाचं खरं काम सुरू झालं. लांब आहे म्हणून कापायची नाही, तर मग ती लांब का आहे हे विचारावं लागतं. मी फोन केला.

"सर, बाईंच्या नवऱ्याचा भाग कथेत कशासाठी आलाय?"

"मॅडम, तो खरंच तसाच होता हो. म्हणून लिहिलंय."

"तो खरा होता हे पटतं. कथेत तो आल्यावर बाई मागे जातात, असं वाटलं मला."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघतो." आठवड्याने नवा खर्डा आला, त्यात नवरा फक्त दोन वाक्यांत होता आणि ती दोन वाक्यं आधीच्या सगळ्या पानांपेक्षा जड होती.

दुसरी गोष्ट भाषेची. निवेदन प्रमाण मराठीत होतं, संवाद बोलीत, आणि एकच बाई एका पानावर 'न्हाई' म्हणत होत्या, दुसऱ्यावर 'नाय' आणि तिसऱ्यावर 'नाही'. मला वाटलं, हा लेखकाच्या कानाचा प्रश्न असावा. विचारलं तेव्हा कळलं की सर मोबाइलवर बोलून टाइप करत होते. ते 'व्हतं' म्हणत, यंत्र 'होतं' लिहीत असे. ते 'लई' म्हणत, यंत्र कधी 'लय' लिही, कधी आणखी काही. आवाजावरून लिहिण्याची ही सोय प्रमाण भाषेवर पोसलेली आहे, त्यामुळे बोली बोलणाऱ्याचं लेखन ती न सांगता प्रमाण करून टाकते. पूर्वी संपादक बोली 'शुद्ध' करत अशी तक्रार असे. आता ते काम संपादकाच्या हाती मजकूर येण्याआधीच होऊन जातं. हे मला फार गंभीर वाटतं. जतची बोली, तिच्यातला कानडीचा हेल, हे कथेचं अंग होतं. मी सरांना विनंती केली की कथा हाताने वहीत लिहा आणि पानांचे फोटो पाठवा. टाइप आम्ही करू. त्यांनी वहीत लिहायला घेतल्यावर निवेदनसुद्धा बोलीतच यायला लागलं. त्यांनी फोन करून विचारलं, "चालंल का असं?" चालेल म्हणजे काय! सरांनी आणि मी मिळून शब्दांच्या लेखनाची एक यादी केली, कुठला शब्द कसा लिहायचा याची, आणि ती यादी पाळली.

शेवटाबद्दल आमचं एकमत झालं नाही. शेवटच्या परिच्छेदात बाईंबद्दल वाचकाला काय वाटावं हे सांगून टाकलेलं होतं. मी तो काढा म्हटलं. सर म्हणाले, "तेवढं राहू द्या मॅडम, त्या बाई वाचणार आहेत." कथेतली माणसं कथा वाचणार आहेत, हे ऐकल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परिच्छेद राहिला. कथेसोबत सरांच्याच आवाजातलं वाचन दिलं. ते त्यांनी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात रेकॉर्ड केलं, पार्श्वभूमीला कुठेतरी शेळी ओरडते, ती आम्ही मुद्दाम ठेवली. ज्यांना ती बोली वाचायला जड गेली, त्यांनी आधी ऐकली आणि मग वाचली, असं बऱ्याच वाचकांनी कळवलं.

नकाराबद्दल आमचा नियम असा की प्रत्येकाला उत्तर जातं आणि त्यात निदान एक ओळ त्याच्या लेखनाबद्दलची असते. नुसतं 'साभार परत' नाही. या नियमाने आमचे रविवार जातात. काही जण रागावतात, फोन करून वाद घालतात, आणि वाद घालणाऱ्यांपैकी काहींनी पुढे अप्रतिम कविता पाठवल्या आहेत. फेसबुकवर आधी टाकलेली कविता 'अप्रकाशित' मानायची का, यावर आमच्यात खूप चर्चा झाली. तरुण कवीचं म्हणणं होतं की कवितेला पहिला श्रोता तिथेच मिळतो, तर त्याची शिक्षा कशाला? शेवटी असं ठरलं की चालेल, पण कविता पुन्हा घासून घ्यावी लागेल. हक्क लेखकाकडेच राहतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ते हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं लेखकाचे आणि वारसांचे असतात. आम्ही फक्त प्रकाशित करण्याची परवानगी मागतो, तीही लेखी. तरी कविता व्हॉट्सॲपवर कवीच्या नावाविना फिरतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कवितेचं शेअर करायला सोपं चित्र आम्हीच करून देतो, ज्यात कवीचं नाव कवितेच्या अंगातच असतं, कापून टाकता येणार नाही अशा जागी.

प्राध्यापक मंडळींचा पहिला प्रश्न वेगळा असतो : "तुमच्याकडे आयएसएसएन आहे का?" हा आठ आकडी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो. दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून तो विनाशुल्क मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा लागतो. आम्ही रीतसर अर्ज करून तो घेतला, कारण ग्रंथालयांच्या नोंदींत अंक सापडावा. पण या क्रमांकाला दर्जाचं प्रमाणपत्र समजण्याची जी रीत पडली आहे, तिने मराठी नियतकालिकांचं फार नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. बढतीसाठी लेख हवा, लेखासाठी क्रमांक हवा, आणि क्रमांक दाखवून पैसे घेणारे अंक हवेत, अशी साखळी तयार झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी केली, तिचं काम पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चाले. २०२५मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली. आम्हाला अजून विचारणा होते, शुल्क किती म्हणून. आम्ही पैसे घेत नाही, देतो, हे सांगितल्यावर काही जण पुढे बोलत नाहीत आणि काही जण मनापासून लिहितात.

अलीकडे यंत्राने लिहिलेला मजकूरही येऊ लागला आहे. अमेरिकेतल्या 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकावर फेब्रुवारी २०२३मध्ये अशा कथांचा इतका मारा झाला की त्यांना काही काळ कथा घेणंच थांबवावं लागलं. आमच्याकडे तेवढा ओघ नाही. गुळगुळीत, कुठेच न अडणाऱ्या, कुठल्याही गावच्या नसलेल्या कविता आल्या की आम्ही ओळखण्याची यंत्रं वापरत नाही, फोन करतो. "ही ओळ कशी सुचली?" एवढंच विचारतो. लिहिणारा माणूस त्या ओळीबद्दल दहा मिनिटं बोलतो. आम्ही एरवीही प्रत्येक लेखकाशी बोलतोच, त्यामुळे हा वेगळा चौकशीचा फोन वाटत नाही.

अंक टिकवायचं काम मात्र आम्हाला सतत जागं ठेवतं. छापील अंक बंद पडला तरी कुठल्यातरी ग्रंथालयात खंड राहतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. वेबवरच्या मजकुराला त्यात जागा नाही. डोमेनचं शुल्क भरायचं राहिलं की अंक जातो, आणि संपादक गेला की बहुधा शुल्क भरायचं राहतंच. 'जिओसिटीज' हे फुकट वेबपानं उभारू देणारं संकेतस्थळ २००९ साली बंद झालं तेव्हा जगभरच्या लोकांनी हौसेने उभी केलेली पानं एका फटक्यात गेली. म्हणून प्रत्येक अंक निघाला की आम्ही त्याचं पान न् पान जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवतो. सगळा मजकूर साध्या युनिकोड फायलींत वेगळा ठेवतो, म्हणजे आजची वेबसाइट मोडली तरी उद्या कुणालाही तो नव्याने लावता येईल. प्रती चौघांच्या घरी आहेत आणि डोमेनची जबाबदारी पुढे कुणाकडे जाईल हे लिहून ठेवलं आहे. वर्षाच्या चार अंकांची छापील प्रत काढून ग्रंथालयांना द्यावी असं आमच्या प्राध्यापक सरांचं म्हणणं आहे. मैत्रिणीचं म्हणणं, आवाजाचं काय करायचं? जतची ती कथा नुसती छापली तर अर्धीच राहील. यावर चर्चा चालू आहे.

पुढचा अंक सीमाभागातल्या लेखनाचा आहे : कानडी, तेलुगू, कोकणी, गुजराती यांच्या शेजारी राहून लिहिलं जाणारं मराठी, आणि त्या भाषांतून मराठीत आलेले अनुवाद. अनुवाद पाठवणाऱ्यांनी मूळ लेखकाची लेखी परवानगी सोबत जोडावी. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर उत्तम, जुन्या फॉन्टात असेल तर फॉन्टचं नाव कळवावं. आणि ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांनी बोलून टाइप करू नये, वहीत लिहावं. एका पानाचा एक फोटो, उजेडात काढलेला, आणि प्रत्येक पानावर क्रमांक.